पाच पट्ट्या आणि आईची वही

यंदा आईनं वही काढली नाही, आणि त्याला कारण मी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी स्वतःची बाजू मांडायला लागलो तर वाचणाऱ्यानं ते फार मनावर घेऊ नये.

वही म्हणजे शाळेत हजेरीला असते तशी लांबट, जाड पुठ्ठ्याची. एरवी ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, पोथ्यांच्या शेजारी असते. मराठी सिनेमांचा एक पुरस्कार सोहळा दरवर्षी आमच्या पुण्यात होतो. त्याची नामांकनं पेपरात आली की येणाऱ्या रविवारी सकाळी, पोह्यांच्या बशा उचलल्या गेल्या की आई वही उघडायची. घरातल्या प्रत्येकाला एक रकाना. उत्तम सिनेमा कुठला, नट कोण, नटी कोण, गाणं कुठलं, प्रत्येकानं आपापलं मत लिहायचं, दुसऱ्याचं बघायचं नाही. मग सोहळा टीव्हीवर लागला की आई तांबडी पेन्सिल घेऊन बरोबर-चूक करायची. ज्याचे सगळ्यांत जास्त बरोबर, त्यानं दिवाळीत घरादाराला कुठला सिनेमा दाखवायचा ते ठरवायचं. ज्याचे सगळ्यांत कमी, त्यानं त्याच संध्याकाळी सगळ्यांना कांदाभजी तळून घालायची.

मी आजवर इतकी भजी तळली आहेत की बायको पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणते, "यांना सिनेमातलं काही कळत नाही, पण पीठ छान भिजवतात."

यातली गंमत अशी की त्या सोहळ्यात जी सन्मानचिन्हं देतात ती आमच्या दुकानात तयार होतात. कसबा पेठेतल्या एका बोळात आमचं ट्रॉफ्या, ढाली आणि नावाच्या पाट्यांचं दुकान आहे. वडलांनी सुरू केलं, मी चालवतो, म्हणजे चालतंय तोवर शेजारी उभा राहतो. पूर्वी आम्ही दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. आता हडपसरला फ्लॅट आहे आणि मी रोज स्कूटरवरून जाऊन-येऊन असतो. हल्ली बहुतेक काम मशीनवर होतं. सोसायट्यांच्या रांगोळी स्पर्धा, शाळांचे खेळ, कंपन्यांचे निरोप समारंभ, सगळं काचेसारख्या प्लास्टिकवर. पण या सोहळ्याचं चिन्ह अजून लाकडी बैठकीचं असतं, आणि बैठकीवर पितळेची पट्टी, तिच्यावर हातानं कोरलेलं नाव. हे कोरायचं काम आमचे चाचा करतात. चाचा वडलांच्या वयाचे नाहीत, पण वडलांच्या काळातले आहेत. त्यांचं घर दुकानापासून चार दारं पलीकडं. मी चड्डीत होतो तेव्हापासून ते त्याच स्टुलावर बसून कोरताहेत. मला ते अजून "बेटा" म्हणतात आणि माझ्या धंद्याच्या अकलेबद्दल त्यांचं मतही मी चड्डीत असतानाचंच आहे.

तर, सन्मानचिन्हं आमची, मग मला आधीच सगळं कळत असेल, असं लोकांना वाटतं. कळत नव्हतं. वडलांनी पहिल्या वर्षीच एक पद्धत घालून दिली होती. एका पुरस्कारासाठी पाच नामांकनं असतील तर पाचही नावांच्या पाच पट्ट्या कोरायच्या. निकालाचं पाकीट सोहळेवाल्यांकडं. ते उघडलं की त्यांचा माणूस पडद्यामागं योग्य ती पट्टी बैठकीवर बसवणार. उरलेल्या चार आमच्याकडं परत यायच्या. त्या तशाच मोडीत टाकायच्या नाहीत, हा वडलांचा दुसरा नियम. चाचा आधी पॉलिश पेपरनं घासून नाव पुसायचे आणि मग पट्टी मोडीच्या डब्यात जायची. "जो हरला त्याचं नाव भंगारवाल्याच्या काट्यावर जायला नको," वडील म्हणायचे. लहानपणी मला हे फार थोर वाटायचं. मोठेपणी वाटलं, पाचपट काम आहे. आता काय वाटतं ते पुढं येईलच.

आईला या पद्धतीचा अभिमान होता. "आपल्या घरात निकाल माहीत असायला पाहिजे, पण नाही," असं ती मैत्रिणींना सांगायची. आणि तिच्या वहीला त्यामुळंच अर्थ होता.

आईचं सिनेमाचं वेड हे वेड म्हणावं असं नाही, कारण ती त्याबद्दल फार शांत असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. अजून सकाळचा खेळ बघायला रिक्षानं एकटी जाते, मध्यंतरात काही खात नाही, आणि घरी आल्यावर मात्र दोन तास बोलते. कोणी कसं उभं राहिलं, कोणाला रडता येत नाही, कुठल्या सुनेच्या भूमिकेतल्या मुलीला साधी पोळी उलटता येत नव्हती. पुरस्कार तिला का हवे असायचे, हे मला फार उशिरा कळलं. नाचगाण्यासाठी नाही. ते सुरू झालं की ती उठून कुकर लावायची. तिला एवढंच बघायचं असायचं, की अंधारात बसून आपल्याला जे खरं वाटलं, ते कळणाऱ्या माणसांनाही खरं वाटलं का. शाळा सातवीत सुटलेल्या बाईला वर्षातून एकदा कोणीतरी सांगायचं, की बाई, तुमचं बरोबर आहे.

बाकी आमच्या घरात या सोहळ्याचं काय उरलं आहे, ते सांगतो. सोहळा होतो एका दिवशी आणि टीव्हीवर दिसतो तीन आठवड्यांनी. तोवर मुलीनं मोबाइलवर सगळं पाहिलेलं असतं, तेही प्रत्येकी अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत. कोणी कुठला गाऊन घातला आणि कोण कोणाकडं बघून हसलं नाही, एवढं तिला पुरतं. बायको पहिल्या तीन जाहिरातींपर्यंत टिकते आणि मग बसल्या बसल्या झोपते. मी टिकतो, पण मला पट्ट्या नीट बसल्यात का तेवढंच दिसतं. मधल्या तीन आठवड्यांत निकाल वाचायचा नाही, असा आईचा दंडक. बायको पेपर आल्याबरोबर सिनेमाचं पान काढून रद्दीच्या तळाला घालायची. मुलगी म्हणायची, "आजी, मला सगळं माहितीये, पण मी स्पॉइल करणार नाही, प्रॉमिस." चार माणसांतली तीन माणसं एका माणसासाठी हे सांभाळत होती. आमच्यासारख्या घरांत सोहळा अजून आवडतो की नाही, असं कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, आईला विचारा, आम्ही तिच्यामुळं बसतो.

मागच्या वर्षी सोहळेवाल्यांच्या कचेरीत नवी माणसं आली. ऑर्डर आली ती यादीसकट, आणि यादीत प्रत्येक पुरस्कारापुढं एकच नाव. मी फोन केला. पलीकडं एक तरुण होता, अतिशय नम्र.

"सर, पाच-पाच कशाला? वेस्ट आहे. जे नाव आहे तेच फायनल."

"पण मग आम्हाला आधीच कळतंय ना."

"सर, तुम्ही फॅमिलीसारखे आहात," तो म्हणाला.

फॅमिलीसारखं म्हटलं की मी विरघळतो, हे माझ्या धाकट्या भावापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मी यादी चाचांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली, उलटून मागं काही आहे का तेही पाहिलं.

"बाकीची चार?"

"नाहीत. एकच."

"तुझ्या वडलांनी ही यादी परत पाठवली असती, बेटा."

"वडलांच्या काळात शेजारी तीन मशीनवाले नव्हते, चाचा."

ते कोरायला बसले.

त्या यादीत सहायक अभिनेत्रीपुढं जे नाव होतं ते वाचून मात्र मी दुकानात एकटाच हसलो. त्या वर्षी आईनं एक छोटा सिनेमा तीनदा पाहिला होता. त्यात एक वयस्क नटी होती, एरवी नाटकांतून काम करणारी. नवरा गेलेल्या बाईची भूमिका, जेमतेम वीस मिनिटांची. एका प्रसंगात सिलिंडरवाला येतो आणि विचारतो, साहेब नाहीत का घरात? ती सहज म्हणते, "बाहेर गेलेत." बस, एवढंच. पार्श्वसंगीत नाही, काही नाही. ती सिलिंडरची पावती घेते आणि दार लावते.

वडील गेले त्याच्या पुढच्या महिन्यात आमच्याकडं वर्गणी मागायला कोणी आलं होतं. मी आत होतो. दारात आई म्हणाली, "ते बाहेर गेलेत." मी ऐकलं होतं. आम्ही दोघंही त्याबद्दल कधी बोललो नाही. तो सिनेमा पहिल्यांदा बघून आली त्या दिवशी ती नेहमीसारखी दोन तास बोलली नाही. म्हणाली, "एक बाई आहे त्यात. बघून ये." मी गेलो नाही, काम होतं. मग ती पुन्हा गेली, आणि परत आल्यावर तो सिलिंडरचा प्रसंग मला करून दाखवला. पावती घ्यायचा हातसुद्धा.

त्यामुळं वहीच्या रविवारी काय झालं ते समजून घ्या. आई आपल्या रकान्यात लिहीत होती. सहायक अभिनेत्रीपाशी तिची पेन्सिल थांबली. म्हणाली, "हिला देणार नाहीत. एवढ्याशा कामाला कोण देतंय." आणि तरी तिनं ते नाव लिहिलं.

मी शेजारी बसलो होतो. खिशात यादी नव्हती, पण डोक्यात होती. चाळीस वर्षं दुकानात जी एक गोष्ट कोणी केली नव्हती ती मी केली. म्हणालो, "लिही लिही. यंदा तुझं बरोबर येणार बघ."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "तुला काय माहीत?"

"मला काय माहीत असणार. वाटतं आपलं."

"तुला वाटतं ते आजवर कधी बरोबर आलंय?" असं ती म्हणाली खरी, पण मी काय सांगितलं ते तिला कळलं होतं. ज्यांनी आयुष्यभर एका घरात निकाल माहीत नसण्याचा अभिमान बाळगला, त्यांना माहीत असण्याचा वासही पटकन लागतो. तिनं वही मिटली आणि दुपारभर ती काहीतरी गुणगुणत होती. मला वाटलं, मी तिला भेट दिली.

सोहळ्याच्या चार दिवस आधी त्या नम्र तरुणाचा फोन आला.

"सर, एक छोटा चेंज आहे. सहायक अभिनेत्रीचा. त्या मॅडम नाही येत आहेत, नाटकाचा दौरा आहे त्यांचा. तर आपण दुसऱ्या मॅडमचं नाव टाकू या. पाठवतो तुम्हाला."

"पण ठरलंय ना त्यांचं? परीक्षकांनी दिलंय ना?"

"हो सर, पण येत नाही आहेत. स्टेजवर घ्यायला कोणीतरी नको का?"

"घरी पाठवा की. मी नेऊन देतो हवं तर."

तो हसला. मनापासून हसला, कुठं खोटा आवाज नाही. "सर, तुम्ही फार गोड आहात. संध्याकाळपर्यंत होईल ना?"

आता इथं मी काय काय म्हणू शकलो असतो, हे मी नंतर पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. स्कूटरवर, आंघोळ करताना, मगरपट्ट्याच्या सिग्नलला. फार छान वाक्यं आहेत. त्या वेळी मी म्हणालो, "होईल."

चिन्ह तयार होऊन डब्यात होतं, पट्टी बसवलेली. मी ते चाचांपुढं ठेवलं आणि नवं नाव दिलं. म्हणालो, "ही काढा आणि ही लावा."

"का?"

"त्या येत नाहीत."

चाचांनी बराच वेळ ते नाव अंगठ्यानं चाचपलं. मग म्हणाले, "बरं." चाचांचं बरं दोन प्रकारचं असतं. एकाचा अर्थ होतो, करतो. दुसऱ्याचा अर्थ होतो, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. मी ते पहिलं आहे असं धरून चाललो, कारण मला घरी लवकर जायचं होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी जसे काढले तसे कोणावर येऊ नयेत. आई आनंदात होती. तिनं हास्यक्लबातल्या चार बायकांना टीव्हीवरचा सोहळा बघायला घरी बोलावलं. बऱ्याच वर्षांत तिनं असं कोणाला बोलावलं नव्हतं. पेठेत असताना आमच्याकडं टीव्ही होता आणि बाकी बोळात नव्हता, तेव्हा वीस-वीस माणसं असायची. तेव्हापासून पहिल्यांदाच. ती त्यांना त्या नटीबद्दल सांगत होती, सिलिंडरचा प्रसंग करून दाखवत होती. "यंदा हिचं बघा तुम्ही," म्हणत होती. एकदा मी ऐकलं, ती फोनवर म्हणाली, "माझा मुलगा म्हणतोय."

मी उपाय केले. माझी उपाय करायची पद्धत म्हणजे मूळ गोष्ट सोडून आजूबाजूचं सगळं हलवायचं. म्हटलं, "आई, त्या रविवारी आपण मांजरी गावात मामाच्या शेतावर जाऊ. उसाचा रस पिऊ."

"ऊस काय पळून जाणार आहे?"

म्हटलं, टीव्हीचं कनेक्शन जरा धरतंय-सोडतंय, माणूस बोलवायला हवा. आईनं मुलीला सांगितलं, मुलीनं दोन मिनिटांत काहीतरी खटपट करून चित्र पूर्वीपेक्षा चांगलं करून दिलं. बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"काय लपवताय?"

मी सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं नाही.

"मग सांगून टाका त्यांना."

"कसं सांगू?"

"तोंडानं," बायको म्हणाली. "ती हिंट दिली तशी."

मी सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी चारही बायका आल्या. एकीनं ढोकळा आणला होता. आईनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि वही मांडीवर होती. सोहळा सुरू झाला. दोन सूत्रसंचालक एकमेकांच्या वजनावर विनोद करत होते. पहिल्या रांगेतली माणसं कॅमेरा आला की हसत होती आणि गेला की घड्याळ बघत होती. एका गाण्यावर नाच, मग साबण, मग दुसऱ्या गाण्यावर नाच, मग मसाले. तासाभरानं दोन बायका म्हणाल्या, "आमच्यांचं जेवायचं बघायला हवं," आणि उठल्या. आई म्हणाली, "थांबा की, आता येईल." तिसरी मोबाइलवर नातवाचे फोटो दाखवत होती माझ्या मुलीला. मी मागं, दाराशी, वेताच्या मोढ्यावर बसलो होतो.

मी मनाशी तो क्षण बऱ्याच प्रकारे पाहिला होता. पाकीट, शांतता, नाव, आईचा चेहरा. तसं काहीच झालं नाही. जाहिरातीतून परत आल्यावर एक सूत्रसंचालक म्हणाला, "आणि हे आहेत आणखी काही मानकरी," आणि पडद्यावर भराभर सात-आठ चित्रं सरकली. संकलन, ध्वनी, वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि त्यातच कुठंतरी सहायक अभिनेत्री. एक तरुण बाई सोनेरी साडीत आमचं चिन्ह छातीशी धरून हसत होती. दीड सेकंद. मग परत नाच.

बायकांच्या ते लक्षातच आलं नाही. ढोकळावाली थोड्या वेळानं म्हणाली, "तुमच्या त्या बाईंचं झालं का हो? की व्हायचंय?"

"व्हायचंय," आई म्हणाली.

आणि ती शेवटपर्यंत बसून राहिली, त्या बायका उठून जाईपर्यंत. तांबडी पेन्सिल तिनं उचललीच नाही. कोणाचे किती बरोबर, हे त्या वर्षी कोणाला कळलं नाही, आणि भजीही झाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी दुकानात होतो, तर बोळाच्या तोंडाशी आई दिसली. रिक्षा मोठ्या रस्त्यावर सोडून चालत आली होती. वडील गेल्यापासून ती दुकानात आली नव्हती. चाचा स्टुलावरून उठले.

"भाभी, बसा. चहा सांगतो."

आई बसली. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. चाचांना म्हणाली, "मला एक सांगा. तिचं नाव कोरलं होतं तुम्ही?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी मशीनकडं.

"कोरलं होतं, भाभी. मग फोन आला. मग दुसरं कोरलं."

"का?"

"त्या येणार नव्हत्या."

आईनं मान हलवली. हे तिला पटलं म्हणून नव्हे, तर एखाद्या सिनेमातलं ठिगळ सापडल्यावर ती हलवते तशी. मग विचारलं, "ती पट्टी कुठं आहे? घासून टाकलीत?"

पोऱ्यानं चहा आणून ठेवला. चाचांनी आईचा कप तिच्याकडं सरकवला, आणि मग म्हणाले, "नाही घासली. तिथंच आहे."

"तिथं म्हणजे?"

"त्या ट्रॉफीवरच. वरून दुसरी बसवलीय."

मी म्हणालो, "चाचा, मी काढा म्हटलं होतं."

"काढली असती तर लाकडाचं पॉलिश निघालं असतं," चाचा म्हणाले. हे कारण खरं होतं, पण माझ्यासाठी होतं. आईकडं वळून ते म्हणाले, "भाईंचा नियम होता ना. जो हरला त्याचं पुसायचं. या तर हरल्या नव्हत्या. मग पुसू कसं? आणि न पुसता मोडीत तरी कसं टाकू? मला तिसरी जागा सुचली नाही."

माझ्या डोळ्यांपुढं कुठलासा दिवाणखाना आला, काचेचं कपाट, त्यात आमचं चिन्ह, आणि वरच्या पट्टीचा एक कोपरा कधीतरी सुटतोय. खरं सांगायचं तर मला पहिली भीती वाटली ती दुकानाची. लाज त्याच्यानंतर वाटली, पण फार नंतर नाही.

आई मात्र हसली. अगदी थोडं, एका बाजूनं. मला वाटलं, सुटलो. चहा संपवून तिनं कप खाली ठेवला.

"म्हणजे तिला मिळालंय," ती म्हणाली. "आणि तिला माहीत नाही."

"नाही," चाचा म्हणाले.

"मग काय उपयोग?"

चाचांनी तिचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मी स्कूटरची किल्ली शोधायला लागलो.

मी तिला स्कूटरवरून मोठ्या रस्त्यापर्यंत सोडलं, तिथून रिक्षा करून दिली. बसताना तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "वडलांनी तुला पाच पट्ट्या शिकवल्या होत्या. तू एकीवर आलास. असू दे, धंदा आहे. पण मला कशाला सांगितलंस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला बरंच वाटत होतं की," आई म्हणाली. "देणार नाहीत, असंच मी म्हणत होते." आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला."

त्या नटीला कळवावं, असं मी अनेकदा ठरवलं. चाचांनी दोनदा विचारलंही. कळवायचं म्हणजे काय लिहायचं? आपला पुरस्कार अमुक बाईंच्या कपाटात, त्यांच्या नावाच्या खाली आहे, कृपया नोंद घ्यावी? आणि खाली दुकानाचा शिक्का? ते पत्र अजून लिहून झालेलं नाही. हे वाचून तिला कळलं तर बरंच आहे, पण मी इथंही नाव घातलेलं नाही, यावरून माझं धैर्य किती ते लक्षात येईल.

आई अजून सिनेमाला जाते. मागच्या आठवड्यातच सकाळच्या खेळाला गेली होती. आल्यावर मी विचारलं, "कसा होता?"

"बरा होता," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

एवढंच. दोन तासांचं बोलणं कुठं गेलं ते मी विचारलं नाही. मुलगी म्हणते की कधी कधी आजी तिला सांगते, हळू आवाजात, मी घरात नसताना. म्हणजे बंद झालेलं नाही, माझ्यापुरतं बंद झालंय.

यंदाची नामांकनं गेल्या सोमवारी पेपरात आली. ऑर्डर त्याच्या आदल्याच दिवशी आली होती, एका पुरस्काराला एक नाव. मी पाच पट्ट्यांचं बोलून पाहिलं, म्हटलं बाकीच्या चार आमच्याकडून. तो नम्र मुलगा म्हणाला, "सर, त्यांचं करणार काय?" मी ऑर्डर घेतली. यादी चाचांकडं न बघता त्यांच्या पेटीवर ठेवली. यंदा मी नावं वाचलेली नाहीत, असं इथं लिहायला मला आवडलं असतं.

काल रविवार. पोहे झाले, बशा उचलल्या गेल्या. आई जागची हलली नाही, पेपरातलं कोडं सोडवत बसली. बायकोनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि बशा घासायला घेतल्या. शेवटी मुलीनंच मोबाइलमधून डोकं वर काढलं. आमच्यापैकी सगळ्यांत कमी तिला याचं पडलेलं असतं असं मी समजत होतो.

"आजी, वही? मी माझे ठरवून ठेवलेत."

आईनं कोड्यातला एक शब्द भरला.

"तुझ्या बाबाला विचार," म्हणाली. "त्याला आधीच माहीत असतं."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, टोपलीतले चार कांदे काढले आणि चिरायला बसलो. बायको मागून आली.

"सकाळच्या प्रहरी भजी? कोण हरलं?"

मी पीठ भिजवलं. तळली, ताटलीत काढली, बाहेर नेऊन आईपुढं ठेवली. तिनं एक खाल्लं, मग दुसरं. पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"मीठ कमी आहे," म्हणाली, आणि हात धुवायला उठली.